रोज सकाळी संगणकाला वाटतं अजून कालची संध्याकाळच आहे. शिवाय /डेव्ह/नल बिघडतं

पाटीपेन्सिल (सोमवार, सकाळी ११:४०)

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा संगणक मी सांभाळते. जुना डेस्कटॉप आहे, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स, आणि जुन्या फॉन्टमधली ग्रंथसूची उघडायला बाजूला विंडोज १० ठेवलंय. पुस्तकांची देवघेव लिबरऑफिसमध्ये नोंदवतो. तारीख संगणकाच्या घड्याळावरूनच पडते.

गणपतीच्या सुट्टीनंतर दोन त्रास सुरू झाले.

पहिला: सकाळी दहाला चालू केलं की घड्याळात काल संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, म्हणजे आदल्या दिवशी बंद केलं तीच वेळ. दुपारी ग्रंथपाल ताई मोबाइलचा हॉटस्पॉट जोडतात, मग ते आपोआप बरोबर होतं. तोवर सकाळच्या सगळ्या नोंदी कालच्या तारखेत जातात. परतीची तारीख चुकते आणि दंडही चुकतो. एका आजोबांकडून परवा दोन रुपये जास्त घेतले गेले, ते मला फार लागलं.

दुसरा: उघडल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने टर्मिनलमध्ये "/डेव्ह/नल: परवानगी नाही" असं येऊ लागतं (/डेव्ह/नल म्हणजे नको असलेला मजकूर टाकून द्यायची जागा) आणि पुस्तकांचे स्टिकर छापायची आमची स्क्रिप्ट बंद पडते. रीस्टार्ट केलं की ठीक होतं. काही दिवशी हे होतच नाही.

केलेले उपाय: मदरबोर्डवरचं घड्याळ वाचणारं /एसबिन/एचडब्ल्यूक्लॉक चालवलं तर "हार्डवेअर क्लॉकपर्यंत कोणत्याही माहीत असलेल्या मार्गाने पोहोचता येत नाही" असं उत्तर आलं. एका जुन्या लेखात /डेव्ह/आरटीसी पुसून "एमकेनॉड /डेव्ह/आरटीसी सी १० १३५" करा असं होतं, तेही केलं. दुसऱ्या दिवशी ती फाइल जागेवर नव्हती. आता मदरबोर्डच गेला असं समजायचं का?

टिकटिक (सोमवार, दुपारी १२:०५)

मदरबोर्ड वगैरे काही गेलेला नाही. नेटवरून वेळ घेणं चालू ठेवा, प्रश्न संपला:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू

पाटीपेन्सिल (सोमवार, दुपारी १२:३०)

ते आधीपासून चालूच आहे. पण वाचनालयात स्वतःचं नेट नाही, हॉटस्पॉट दुपारनंतरच मिळतो. देवघेवीची गर्दी असते सकाळी.

रानजाई (सोमवार, दुपारी १:१०)

आधी एक वेगळं करून घेऊया. संगणकात घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, आरटीसी. वीज गेली तरी ते नाण्यासारख्या सेलवर चालतं. दुसरं लिनक्सचं स्वतःचं, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणारं. चालू होताना लिनक्स पहिल्याला एकदा वेळ विचारतो आणि पुढे स्वतः मोजत राहतो. तुमचं दुसरं घड्याळ धड आहे, माझा संशय पहिल्यावर आहे.

ही माहिती द्याल का?

१. उद्या सकाळी लिनक्स सुरू होण्याआधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन तिथली तारीख बघा.
२. सुडो डीमेसेज | ग्रेप आरटीसी (लिनक्सच्या संदेशांतल्या आरटीसीच्या ओळी)
३. कॅट /प्रॉक/ड्रायव्हर/आरटीसी, त्यातली बॅटरीची ओळ.
४. तुम्ही एचडब्ल्यूक्लॉक सुडो लावून, म्हणजे रूटच्या (मुख्य वापरकर्त्याच्या) अधिकाराने चालवलं होतं का? साध्या वापरकर्त्याला आरटीसी उघडायची परवानगी नसते आणि तेव्हा नेमका हाच संदेश येतो. संदेश वाचून वाटतं घड्याळच नाही. प्रत्यक्षात नुसतं दार बंद असतं.

आणि एक विचारते. गणपतीच्या सुट्टीत वाचनालयात काही बदललं का? वायरिंग, यूपीएस, जागा?

कळफलक (सोमवार, रात्री ९:१५)

रानजाईताईंची दिशा बरोबर आहे. मी एमकेनॉडबद्दल लिहितो, कारण जुन्या लेखांतले ते सल्ले अजून फिरत आहेत आणि त्यांनी बऱ्याच जणांना चकवले आहे.

/डेव्ह मधली फाइल म्हणजे माहिती साठवलेली फाइल नव्हे. ती कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) ड्रायव्हरकडे, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या भागाकडे, जाणारी दारावरची पाटी आहे. पाटीवर दोन आकडे असतात: मेजर आकडा सांगतो कोणता ड्रायव्हर, मायनर सांगतो त्यातले कितवे उपकरण. पूर्वी डिस्कवरच्या /डेव्ह फोल्डरमध्ये अशा शेकडो पाट्या आधीच लावून ठेवलेल्या असत, मग उपकरण असो वा नसो. एखादी पुसली गेली तर एमकेनॉडने हाताने पुन्हा लावावी लागे. तो सल्ला त्या काळात योग्यच होता.

२००९ साली कर्नल २.६.३२ मध्ये डेव्हटीएमपीएफएस आले. तेव्हापासून /डेव्ह मेमरीत असते. ड्रायव्हरला उपकरण सापडले की कर्नल स्वतः पाटी लावतो, यूडेव्ह तिची परवानगी आणि टोपणनावे ठरवतो. तुमची फाइल दुसऱ्या दिवशी नव्हती त्याचे कारण हेच. बंद केल्यावर सगळे /डेव्ह पुसले जाते आणि चालू करताना नव्याने बनते.

दुसरे म्हणजे १० आणि १३५ हे आकडे आरटीसीच्या फार जुन्या ड्रायव्हरचे. आजच्या कर्नलमध्ये खरी फाइल /डेव्ह/आरटीसी० असते, तिचा मेजर आकडा चालू होताना ठरतो, आणि /डेव्ह/आरटीसी हा तिच्याकडे बोट दाखवणारा दुवा असतो. तुम्ही तो दुवा पुसून बंद घराची पाटी लावलीत. नुकसान काही झाले नाही, रीस्टार्टने दुवा परत आला असेल. एलएस -एल /डेव्ह/आरटीसी* करून खात्री करा.

/डेव्ह/नल बिघडेल तेव्हा रीस्टार्ट करायची घाई करू नका. त्याच वेळी एलएस -एल /डेव्ह/नल करून आलेली ओळ जशीच्या तशी इथे द्या. रीस्टार्ट केले की पुरावा जातो.

बांधावरचा (सोमवार, रात्री १०:४०)

विषय जवळचा म्हणून इथेच विचारतो. नववीच्या मुलांसाठी पाऊस मोजायचा छोटा बोर्ड केला आहे, यूएसबीने जोडणाऱ्या सीएच३४० चिपचा. उबंटू २२.०४ ला जोडला की त्याची फाइल /डेव्ह/टीटीवाययूएसबी० क्षणभर दिसते आणि नाहीशी होते. केबल तीनदा बदलून झाली. वर्गात चाळीस मुले वाट बघत उभी असतात.

कळफलक (सोमवार, रात्री ११:०५)

@बांधावरचा, केबल चांगलीच असणार. डीमेसेजमध्ये शेवटी ब्रेलटीटीवाय हे नाव दिसते का बघा. अंध वाचकांच्या ब्रेल पट्टीसाठीची ती सेवा आहे. काही ब्रेल पट्ट्यांत हीच चिप असते, ओळख क्रमांकही तोच, १ए८६:७५२३. त्यामुळे सेवेला वाटते ब्रेल पट्टी आली आणि ती उपकरण ताब्यात घेते.

त्या संगणकावर ब्रेल पट्टी कोणी वापरत नसेल तर सुडो एपीटी रिमूव्ह ब्रेलटीटीवाय करा. शाळेत अंध विद्यार्थी असेल तर मात्र ते काढू नका. यूडेव्हच्या नियमांत त्या एका क्रमांकाची ओळ निष्क्रिय करा, म्हणजे ब्रेल पट्टीचा क्रमांक वेगळा असेल तर दोघांचेही काम चालेल. फाइल टिकली की "परवानगी नाही" येईल. त्यासाठी स्वतःला डायलआउट गटात (अशा फाइली वापरायची परवानगी असलेल्या गटात) घाला, लॉगआउट करून परत या.

पाटीपेन्सिल (मंगळवार, सकाळी ११:१५)

सगळं केलं. आधी रानजाईताईंचं.

बायोसमध्ये तारीख १ जानेवारी २०१२ होती, वेळ रात्री १२ वाजून काही मिनिटं. डीमेसेजमध्येही आरटीसीवरून २०१२ घेतल्याची ओळ आहे. बॅटरीच्या ओळीत "डेड" लिहिलंय. सुडो लावल्यावर एचडब्ल्यूक्लॉक मुकाट्याने चाललं! काल मी सुडो लावलंच नव्हतं.

बदल म्हणाल तर एक झाला. सुट्टीच्या आधी एका बोर्डात ठिणगी उडाली, तेव्हापासून समितीने ठरवलं की रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करायचा. याचा काही संबंध आहे का?

आता कळफलक काकांचं. आज १०:३५ ला बिघडलं. ओळ अशी होती:

-आरडब्ल्यू-आर--आर-- १ रूट रूट २१४८ ... १८:३० /डेव्ह/नल

आणि तारीख कालची! काल साडेसहाला तर वाचनालय बंद होतं. मी स्वतः पावणेसहाला संगणक बंद केला, सहाला कुलूप लावलं. बंद संगणकात काल साडेसहाला फाइल कोणी लिहिली? खरं सांगायचं तर मी घाबरले. कोणी बाहेरून शिरलंय का?

रानजाई (मंगळवार, सकाळी ११:५०)

घाबरू नका, कोणी शिरलेलं नाही. मेन स्विचचा मात्र थेट संबंध आहे.

डेस्कटॉप बंद असला तरी प्लगला वीज असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो आणि आरटीसी त्यावरच चालतं. सेल कदाचित दोन-तीन वर्षांपूर्वीच मेला असेल, कोणाला कळलं नाही. आता रोज मेन स्विच पडतो, आरटीसी उपाशी राहतं आणि सकाळी २०१२ सांगतं.

तुम्हाला २०१२ न दिसता कालची संध्याकाळ का दिसते, तेही सांगते. नेटवरून वेळ घेणारी सिस्टमडी-टाइमसिंकडी सेवा चालू असताना /व्हार/लिब/सिस्टमडी/टाइमसिंक/क्लॉक या फाइलवर वेळेचा शिक्का मारत राहते. चालू होताना घड्याळ त्या शिक्क्याच्याही मागे असेल तर ती ओळखते की हे शक्य नाही, आणि घड्याळ निदान शिक्क्यापर्यंत पुढे आणते. नेट नसताना तिला एवढंच करता येतं. म्हणून रोज सकाळी तुमची काल संध्याकाळ तिथूनच पुढे सुरू होते.

आता हे लक्षात ठेवून काकांच्या ओळीकडे परत बघा.

कळफलक (मंगळवार, दुपारी १२:२०)

ओळीतले पहिले अक्षर बघा. धड /डेव्ह/नल असेल तर तिथे सी हवा आणि आकाराच्या जागी "१, ३" हे दोन आकडे. तुमच्याकडे आडवी रेघ आहे आणि आकार २१४८. म्हणजे पाटी काढून त्या जागी कोणीतरी साधी फाइल ठेवली आहे, रूटच्या मालकीची. त्यामुळे साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही. रूटचे कार्यक्रम मात्र तिच्यात खरोखर लिहीत राहतात आणि तेवढी मेमरी अडते.

असे होण्याची नेहमीची वाट एकच: रूटने काही "टाकून देण्यासाठी" एमव्ही (फाइल हलवायची आज्ञा) करून /डेव्ह/नल वर हलवणे. /डेव्ह/नल कडे वळवलेला मजकूर नाहीसा होतो, हे खरे. पण एमव्ही मजकूर वळवत नाही. दुसऱ्या फाइलसिस्टमवरून हलवताना ते जुनी फाइल काढते आणि नवी तिच्या नावाने ठेवते. पाटीच उचलली जाते.

आता वेळ. संगणकाच्या मते सकाळी दहाला कालचे पावणेसहा-सहा वाजलेले. तुमच्या १०:३५ ला त्याचे साडेसहा वाजले. बरोबर साडेसहा म्हणजे कोणीतरी ठरवून ठेवलेली वेळ. ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी बघायला सुडो क्रॉनटॅब -एल करा.

पाटीपेन्सिल (मंगळवार, दुपारी १:००)

सापडलं! रोज १८:३० ला चालणारं काम:

३० १८ * * * /रूट/साफसफाई.एसएच

माझ्या आधीच्या स्वयंसेवकाने पूर्वी लिहिलेली स्क्रिप्ट. ती लॉगची तात्पुरती यादी बनवते, जुने लॉग पुसते आणि शेवटी ती यादी एमव्ही करून /डेव्ह/नल वर टाकते. अगदी काका म्हणाले तसंच.

तेव्हा वाचनालय रात्री आठपर्यंत उघडं असायचं. आता सहालाच बंद होतं, म्हणून मी काम घेतल्यापासून साडेसहा कधी वाजलेच नव्हते! घड्याळ मागे पडू लागलं तेव्हा रोज सकाळी साडेसहा वाजायला लागले. आणि ज्या दिवशी ताई सकाळीच हॉटस्पॉट जोडायच्या, त्या दिवशी घड्याळ साडेसहाला वळसा घालून थेट आजच्या सकाळवर यायचं, म्हणून बिघाड नसायचा. मला वाटत होतं दोन रोग आहेत, निघाला एकच.

ती ओळ आत्ता काढू का?

कळफलक (मंगळवार, दुपारी १:१०)

साफसफाई चांगलीच आहे, चालू ठेवा. स्क्रिप्टमधले एमव्ही काढून तिथे साधे आरएम लिहा आणि वेळ दुपारी चारची करा. चालू असलेले /डेव्ह/नल रीस्टार्ट न करता असे दुरुस्त होते, दोन्ही ओळी लागोपाठ:

सुडो आरएम /डेव्ह/नल
सुडो एमकेनॉड -एम ६६६ /डेव्ह/नल सी १ ३

इथे एमकेनॉड योग्य आहे, कारण १ आणि ३ हे आकडे नलसाठी कायमचे ठरलेले आहेत.

रानजाई (मंगळवार, दुपारी १:३०)

सेल बदलताना: प्रकार सीआर२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळजीकडेही मिळतो. आधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः साटा (डिस्कची जोडणी) कोणत्या मोडमध्ये आहे ते पान. सेल काढल्यावर सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात आणि साटाचा मोड बदलला तर विंडोज सुरू होणार नाही. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग सेल काढा. अधिक चिन्हाची बाजू वर.

चालू केल्यावर हॉटस्पॉट जोडा, वेळ बरोबर झाली की सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी, म्हणजे ती वेळ आरटीसीत लिहिली जाईल.

पाटीपेन्सिल (बुधवार, दुपारी १२:१५)

सेल बदलला. जुना घड्याळजींनी मीटरवर मोजला, एक व्होल्टही नव्हता. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केलं, वेळ टिकली!

पण नंतर ग्रंथसूचीसाठी विंडोज उघडलं, तिथे पहाटेची वेळ होती. ती दुरुस्त केली. परत लिनक्समध्ये आले तर दुपारी बाराला संध्याकाळचे साडेपाच. नवा सेलही खराब आहे का?

रानजाई (बुधवार, दुपारी १२:४०)

सेल उत्तम आहे. साडेपाच तासांचा फरक दिसला की सेलकडे बघायचंच नाही.

लिनक्स आरटीसीमध्ये जागतिक वेळ ठेवतो, यूटीसी. विंडोज तिथे स्थानिक वेळ ठेवतो. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. तुम्ही विंडोजमध्ये बारा लावलेत, त्याने आरटीसीत बारा लिहिले. लिनक्सने ते यूटीसी समजून वर साडेपाच तास मिळवले. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त त्यांचं आपसात ठरलेलं नाही.

हिवाळी_पाहुणा (बुधवार, दुपारी २:०५)

मी इंग्लंडमध्ये असतो, इथला अनुभव सांगतो. हिवाळ्यात इथली वेळ आणि यूटीसी एकच, त्यामुळे हा घोळ पाच महिने दिसतच नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे जातात आणि सोमवारी एका तासाचा फरक उगवतो. मी तेव्हा आठवडाभर चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. आपल्याकडचे साडेपाच तास निदान लगेच ओळखू येतात.

रानजाई (बुधवार, दुपारी २:३०)

अगदी खरं. @पाटीपेन्सिल, उपाय दोन आहेत. टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ केलं तर लिनक्स विंडोजचं ऐकेल, पण मग टाइमडेटसीटीएल स्वतःच इशारा देत राहतं की ही पद्धत भरवशाची नाही. मी विंडोजला समजावते. त्याच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) एचकेएलएम, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन इथे रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाचं डीवर्ड मूल्य बनवून १ ठेवा. नंतर लिनक्समध्ये वेळ बरोबर करून पुन्हा सिसटूएचसी. टाइमडेटसीटीएलमध्ये आरटीसीची वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे दिसली की समजा जमलं.

बांधावरचा (बुधवार, सायंकाळी ७:२०)

कळफलक काका, ब्रेलटीटीवायच होते. आमच्याकडे ब्रेल पट्टी नाही म्हणून काढले. आज मुलांनी नळाच्या पाण्यावर पाऊस मोजून पाहिला. मनापासून आभार.

पाटीपेन्सिल (शुक्रवार, सकाळी १०:२०)

विंडोज, लिनक्स, मेन स्विच, सगळं उलटसुलट करून पाहिलं. आज सकाळी नेटशिवाय घड्याळ बरोबर होतं. स्टिकरही छापले.

आता राहिल्या आहेत त्या अकरा दिवसांच्या चुकलेल्या नोंदी. कोणती नोंद खरंच संध्याकाळची आणि कोणती दुसऱ्या दिवशी सकाळची, हे कसं ओळखू? सभासदांना दंड परत करायचा आहे.

कळफलक (शुक्रवार, सकाळी ११:००)

जर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीत, उत्तर आहे. जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स ने रोजचे चालू-बंद दिसेल. त्या-त्या दिवसासाठी जर्नलसीटीएल -बी क्रमांक -यू सिस्टमडी-टाइमसिंकडी करा. शिक्क्यावरून वेळ परत लावल्याची एक ओळ असेल आणि दुपारी नेटवरून वेळ मिळाल्याची दुसरी, तिच्यात खरी वेळ असते. मग तेच -ओ शॉर्ट-मोनोटोनिक लावून बघा. त्यात संगणक चालू झाल्यापासूनचे सेकंद येतात, घड्याळ कितीही उडाले तरी ते बदलत नाहीत. दुसऱ्या ओळीच्या खऱ्या वेळेतून तिचे सेकंद वजा केले की त्या दिवशी संगणक खरोखर किती वाजता सुरू झाला ते निघेल. शिक्क्यावरून लावलेली वेळ आणि हा आकडा यांतला फरक दुपारपूर्वीच्या प्रत्येक नोंदीत मिळवा. ज्या दिवशी नेट जोडलेच नाही, त्या दिवसासाठी हे चालणार नाही.

पाटीपेन्सिल (शनिवार, सायंकाळी ५:३०)

दहा दिवसांचं जुळलं. अकराव्या दिवशी नेट नव्हतं, पण ग्रंथपाल ताई अजून हाताने रोजकीर्द लिहितात, त्यावरून लावून घेतलं. चौदा सभासदांचे मिळून एकतीस रुपये निघाले. त्यांची यादी दारावर लावली आहे. आजोबांना त्यांचे दोन रुपये आज सकाळीच दिले.